डबा बांधून उल्हासात

उन्हाळ्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला जाणारी मुलेही असतात, हे मला फार उशिरा कळले. आम्ही मोहन्याला जात असू. कसारा गाडीने शहाड सोडले की आंबिवली, आणि तिथून सामान डोक्यावर घेऊन पायी. आत्याचे यजमान एनआरसीत, म्हणजे नॅशनल रेयॉनमध्ये होते, घर कंपनीच्या कॉलनीत. हवापालटासाठी रेयॉनच्या कारखान्याशेजारी जाणारे आमचे एकच घराणे असावे.

पण नदी होती. राजमाचीच्या डोंगरात निघालेली उल्हास बंधाऱ्यामुळे मोहन्यात थबकायची. मे महिन्यात तर ती नदी कमी आणि तळे जास्त. काकांनी आम्हाला तिथेच पोहायला शिकवले. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, झाकणाला मेण, आणि परकराच्या नाडीने तो पाठीला करकचून बांधलेला. डबा अप्रतिम तरंगायचा. त्याला बांधलेल्या पोराचे तोंड पाण्याच्या वर आहे की खाली, याची मात्र त्याला फिकीर नसे. काका काठावरून ओरडत, "हात मार, हात!" आम्ही मारायचो; बहुधा शेजारच्याला.

आता सगळे भाऊबहीण जमले की उसासतात, "काय शांतता होती तिथे!" कसली शांतता? कारखान्याचा भोंगा, धुण्याची धपाधप, म्हशी, आणि आम्ही. गळ टाकून बसणारे एक आजोबा आम्ही दिसलो की दोरी गुंडाळत आणि "पूर्वी इथे किती शांत होतं" असे पुटपुटत निघून जात. आमच्या आठवणीतून आम्ही नेमका आमचाच आवाज गाळला आहे.

खरी शांतता नंतर आली. 2009 मध्ये कारखाना बंद पडला, भोंगा थांबला, आत्या डोंबिवलीला गेली. परवा भाच्याला नदी दाखवायला नेले, तर पाणीच दिसेना. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी या काठापासून त्या काठापर्यंत. ही बाई मूळची दक्षिण अमेरिकेची; जांभळ्या फुलांवर भाळून माणसांनीच तिला जगभर हिंडवले. भाचा म्हणाला, "मामा, इथे क्रिकेट खेळायचात?"

मधल्या काळात नदीत माणसे उतरली, पण ती प्रदूषणाविरुद्ध आंदोलन करायला. आम्हाला पाण्याबाहेर काढायला आत्याची काठी पुरायची. त्यांना काढायला आश्वासने द्यावी लागली.

आत्याला नदीचे हे हाल सांगितले. डोंबिवलीत तिच्या नळाला येते ते उल्हासचेच पाणी, मोहिलीच्या केंद्रात शुद्ध होऊन. पिंप भरता भरता ती म्हणाली, "तेव्हा आपण नदीवर जात होतो. आता नदी येते. साडेसहाला येते, सातला जाते. बोलण्यात वेळ घालवू नकोस, ती बादली सरकव."