दूरदृष्टीचे गृहस्थ

मुलुंडच्या मध्यमवर्गीय गृहस्थास प्रवासाचा योग क्वचितच येत असला, तरी त्या प्रवासाची सिद्धता मात्र त्याच्या घरी बारमाही चालू असते. आणि तीत अलीकडे ब्रिज कॅमेरा नामक, साधा कॅमेरा आणि व्यावसायिक कॅमेरा यांना जोडणाऱ्या उभयान्वयी यंत्राची भर पडली आहे. त्यांपैकी २०१८ साली निघालेल्या निकॉन पी१०००ची दृष्टी १२५ पटींनी लांबते, म्हणजे गॅलरीत बसून चंद्रावरील विवरांची मोजदाद करण्याची मुभा मिळते. परंतु ज्या संवेदकावर हा सारा मुलूख उतरवून घ्यावयाचा, तो करंगळीच्या नखाहूनही लहान, आणि भिंग पूर्ण लांबवले की त्याचे छिद्र एफ/८ वर येऊन प्रकाशाची आवक जवळजवळ जप्त होते, ही बाब विक्रेता सहसा ग्राहकाच्या निदर्शनास आणीत नाही. परिणामी कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यातील काळोखात टिपलेला चैत्य सांज्यासारखा रवाळ निघतो, आणि भांडुप पंपिंग स्टेशनापलीकडे, ठाणे खाडीवर, वैशाखातल्या दुपारी टिपलेले रोहित पक्षी तापल्या हवेच्या थरथरीत विरघळून निव्वळ गुलाबी डाग म्हणून दप्तरी दाखल होतात. गृहस्थ दोष अर्थातच पक्ष्यांच्या चंचलतेस देतात. (रोहित एका पायावर बराच वेळ निश्चल उभा राहतो, ही हरकत तूर्त नामंजूर समजावी.) तथापि यंत्र वाया गेले, असे म्हणण्याची सोय नाही, कारण समोरच्या विंगच्या गच्चीवरील टाकी नेमकी कोणत्या सांध्यातून गळते, याचा सचित्र पंचनामा त्यानेच केला, आणि तेव्हापासून सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या कॅमेऱ्यास प्रवासाची रजा मंजूर केलेली नाही.