आधी रंग, मग गिटार

हार्ड रॉक किंवा मेटल रेकॉर्ड करण्यासाठी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची असेल तर ती रंग पाहून घ्यावी. यावर जाणकार हसतील. त्यांना हसू द्यावं, फक्त हातातली लाकडांची यादी क्षणभर खाली ठेवायला सांगावं आणि पुरावा समोर मांडावा. जिमी पेजने लेड झेपलिनचा पहिला अल्बम १९६८ मध्ये मुख्यतः टेलिकास्टरवर वाजवला; ही गिटार तोवर कंट्री संगीतवाल्यांच्या गळ्यात शोभायची. रिची ब्लॅकमोरने डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या एका रिकाम्या हॉटेलात डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ स्ट्रॅटोकास्टरवर रेकॉर्ड केला. टोनी आयोमीसुद्धा आधी स्ट्रॅटोकास्टरवालाच. १९६९ मध्ये ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमचं काम चालू असताना तिचा पिकअप बंद पडला, म्हणून त्याने जोडीला आणलेली गिब्सन एसजी उचलली, आणि ज्या आवाजातून पुढे हेवी मेटल जन्मलं असं मानतात तो आवाज या नाइलाजातून निघाला. ब्रायन मेने तर वडिलांच्या मदतीने गिटार घरीच तयार केली: मान जुन्या शेकोटीच्या महॉगनीची, तिच्यातली किड्यांनी पाडलेली भोकं आगकाड्यांनी बुजवलेली, ट्रेमोलोला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. लाकडं वेगळी, बनावट वेगळी, पिकअप वेगळे, तरी रेकॉर्डच्या दुकानात हे चौघे एकाच फळीवर. घटक इतका बदलूनही पंथ बदलत नसेल, तर तो घटक निर्णायक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्याची.

आवाजाची वाट तपासली की कारणही सापडतं. तार थरथरते, पिकअपमध्ये चुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेत किंचित वीज निर्माण होते आणि तिथून पुढे गिटारचा संबंध संपतो. अ‍ॅम्प्लिफायर त्या लहरींचे माथे छाटून टाकतो, त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. त्यात हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं जवळपास एका पातळीवर येतं, नाजूक छटा आधी मरतात. मग बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो. त्याच्या तोंडाशी लावलेला मायक्रोफोन मध्यापासून कडेकडे दोन बोटं सरकवला, तर आवाजात पडणारा फरक गिटार बदलून मिळवायला अख्खं दुकान पालथं घालावं लागेल. इतिहासही हेच सांगतो. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसला १९६४ मध्ये खरखरीत आवाज हवा होता, तेव्हा त्याने गिटारला हात लावला नाही, ब्लेड घेऊन स्पीकरचा कागद फाडला. एन्टूम्डने १९९० चा ‘लेफ्ट हँड पाथ’ स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केला, तेव्हा बॉस कंपनीच्या एचएम-२ पेडलची सगळी बटणं शेवटपर्यंत पिळली होती. आज तो करवती आवाज ज्यांना हवा असतो ते जुनं पेडल शोधत हिंडतात. त्या गिटारी कोणत्या झाडाच्या होत्या, हे कुणी विचारत नाही.

पहिला आक्षेप अर्थात लाकडाचाच. महॉगनी ‘उबदार’, मेपल ‘धारदार’, अ‍ॅश ‘मोकळं’, वगैरे. नॅशव्हिलचा गिटारवादक जिम लिल याने २०२१ मध्ये याची परीक्षा घेतली. त्याने दोन कामाच्या टेबलांमध्ये नुसत्या तारा ताणल्या, मध्ये गिटारच नाही, आणि पिकअप नेमक्या त्याच अंतरावर लावला. आवाज त्याच्या महागड्या गिटारसारखाच आला, फरक सांगणं अवघड व्हावं इतका. बरं, जगभरच्या फ्रेटबोर्डांवर मिरवणारी ‘इंडियन रोजवुड’ म्हणजे आपली शिसवच. पण शिसवी पलंगातून आजवर कुणाला रिफ ऐकू आलेला नाही. दुसरा आक्षेप पिकअपचा, आणि तो खरा आहे. एकेरी कॉइलचा पिकअप घरातल्या विजेची गुणगुण उचलतो, डिस्टॉर्शन तिला शंभरपट मोठी करतं. १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने उलटसुलट जोडलेल्या दोन कॉइलांचा हंबकर घडवला, त्यात ती गुणगुण एकमेकीला मारते. तेव्हा हंबकर हवाच. मात्र तो चार स्क्रू आणि एक सोल्डरिंग गन यांच्या बळावर बदलता येतो. जी वस्तू बदलून बाकी गिटार तशीच राहते, तिच्यासाठी गिटार निवडण्याचं कारण नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार: मेटलवाले तारा उतरवून वाजवतात, मग त्या लोंबकळतात, म्हणून लांब मानेची गिटार हवी. इथे हिशेबच करू. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’साठी आयोमीने बऱ्याच गाण्यांत तारा तीन अर्धस्वर खाली आणल्या. अपघातात बोटांची टोकं गेलेल्या माणसाला सैल तारा सोयीच्याच होत्या. तीन अर्धस्वर उतरलं की ताण सुमारे २९ टक्क्यांनी घटतो. फेंडरची तार ६४८ मिलिमीटर लांब, गिब्सनची साधारण ६२८. या फरकातून ताण परत मिळतो तो जेमतेम साडेसहा टक्के. उलट १० नंबरची तार काढून ११ ची लावली, तर तो २१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जे काम करायला नवी गिटार निघाली होती, ते तारांचा एक सेट तिप्पट चोख करतो. फार खाली उतरणाऱ्यांनी सात तारांची किंवा २७ इंची बॅरिटोन घ्यावी. त्यांच्याशी वाद नाही, त्यांनाही रंग निवडावाच लागेल.

सुराच्या बाबतीत मात्र या मार्गदर्शकात सवलत नाही. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम, तिसरं काही नाही, कारण डिस्टॉर्शनमध्ये गंधार घातला की चिखल होतो. तो पंचम केसभर हलला तर काय होतं, हे तानपुरा लावताना ऐकलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. डिस्टॉर्शनमध्ये तीच हेलकाव्यांची घरघर दसपट होते. म्हणून खुंट्या घट्ट हव्यात आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट यायला हवा. पावसाळ्यात मुंबईत मान दमट होऊन वाकते, ती ट्रस रॉडने सरळ करून घ्यावी. हे सगळं स्वस्त गिटारमध्येही जमतं आणि महागड्या गिटारमध्येही बिघडतं.

आता उरतो तो कुत्सित आक्षेप: रेकॉर्डिंगमध्ये रंग दिसतो कुणाला? वाजवणाऱ्याला दिसतो. मेटलचा रिदम एकदा वाजवून भागत नाही. तोच भाग डाव्या बाजूला एकदा, उजव्या बाजूला पुन्हा, कधी चार वेळा, घाव तंतोतंत जुळवून वाजवावा लागतो. इतका वेळ मांडीवर राहणारी वस्तू आवडती असावी, ही किमान अपेक्षा. शिवाय या कलेतल्या थोर पुरुषाचा दाखला आहे. एडी व्हॅन हॅलनने सुमारे १३० डॉलरच्या सुट्या भागांतून जोडलेल्या गिटारवर १९७८ चा पहिला अल्बम गाजवला. नकला निघू लागल्या तेव्हा त्याने काय बदललं? रंग. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर लाल चढवला, आणि नक्कल करणाऱ्यांना चकवायला मानेजवळ एक न जोडलेला पिकअप बसवून ठेवला. २००७ मध्ये तिच्या ३०० अधिकृत प्रतिकृती निघाल्या, प्रत्येकी २५,००० डॉलर, मूळ गिटारवरच्या सिगरेटच्या डागांसकट आणि तिच्यावर बसवलेल्या १९७१ सालच्या नाण्यासकट. आवाजाचं रहस्य लाकडात असतं, तर नाण्याचं साल जुळवायची एवढी धडपड कशाला?

रंग ठरला की आकार. १९५८ ची फ्लाइंग व्ही तेव्हा इतकी कमी खपली की गिब्सनला ती लवकरच थांबवावी लागली. पुढे मेटलवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. तिथेच ती जास्त स्थिर असते. रेकॉर्डिंग बसून होतं आणि बसल्यावर व्ही मांडीवरून सरकते, तेव्हा तिचा एक पंख दोन मांड्यांच्या मध्ये धरावा आणि दोन तास हलू नये. हे जमणार नसेल तर एसजी बघावी. मानेकडे थोडी झुकते, पण चामड्याच्या पट्ट्याने आवरते. दुकानदार खाली वाकून, आवाज बारीक करून, लाकूड कोणतं दाखवू असं विचारील. काळं, म्हणून सांगावं.