थोरलीचं संस्थान

जव्हारचं संस्थान 1948 साली विलीन झालं असं इतिहास सांगतो. मुकणे राजे, त्यांचा जयविलास राजवाडा आणि नऊ तोफांची सलामी यांच्यापुरतं ते खरंही आहे. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवर काही संस्थानं तेव्हाही होती, आजही आहेत, आणि ती खालसा करायला अजून कुठलं सरकार धजावलेलं नाही. तिथली राज्यकर्ती साधारण दहा वर्षांची असते. कमरेवर एक भाऊ, फ्रॉकला लटकलेली एक बहीण, दहा पावलं मागून रडत येणारी दुसरी, आणि चौथा नेहमीप्रमाणे फरार. भावंडं तिला बाय म्हणतात. सरकारी अहवाल तिला ‘शाळाबाह्य’ म्हणतात. हे अजून तिच्या कानावर गेलेलं नाही, हे अहवाल लिहिणाऱ्यांचं नशीब. माझं म्हणणं एवढंच आहे, की या पोरीवर आजवर जेवढं लिहिलं गेलं ते कळवळ्याने लिहिलं गेलं. कळवळा रास्तच आहे, पण त्यात तिचा रुबाब वाहून गेला. आणि रुबाब वगळला की ती कोण आहे आणि काय करते, हे कळायचा मार्गच बंद होतो.

पुरावा बघायचा तर वीटभट्टीवर जावं लागेल. इथली जमीन डोंगरउताराची. नागली, वरई, भात यांचं पावसाळी पीक निघालं की हाताला काम उरत नाही. दिवाळी झाली की मुकादमाचा टेम्पो येतो आणि वारली, ठाकूर, कातकरी कुटुंबं हंडे, गोधड्या, पिठाचं गाठोडं आणि दोन कोंबड्यांसह भिवंडी, वसई, कल्याणकडच्या भट्ट्यांवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते, बहुधा खर्चूनही झालेली असते. मजुरी हजार विटांवर ठरते. म्हणजे आई बाळाजवळ जितका वेळ बसेल तितक्या विटा कमी, असा सरळ हिशोब. ऊन चढायच्या आत जास्तीत जास्त विटा पडाव्यात म्हणून आईबाप मध्यरात्र उलटली की चिखलाला भिडतात. सकाळी घरातली सगळ्यात मोठी जागी व्यक्ती कोण, तर थोरली. तिने सत्ता बळकावलेली नाही, सत्तेच्या जागी दुसरं कुणी नव्हतंच. भट्टीचं वेळापत्रकच तिला गादीवर बसवतं, आणि एकदा बसल्यावर ती तिथे अवघडून बसत नाही, हे तिचं वैशिष्ट्य.

तिच्या भाकरवाटपाचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. लिहिले असते तर कुठल्याही न्यायालयात टिकले नसते. मऊ मधला भाग शेंडेफळाला. पाणी आणणाऱ्याला मोठा तुकडा, पण पाणी सांडून आणलं असेल तर कडेचा. चुगली करणाऱ्याला वाटा इतरांइतकाच, फक्त सगळ्यात शेवटी आणि सगळ्यांसमोर. ती स्वतः अखेरीस जेवते, हे पाहणाऱ्याचे डोळे इथे पाणावतात, आणि पाणावायलाच हवेत. मात्र सुकटीच्या कालवणाचं मीठ तिने चार वेळा चाखलेलं असतं आणि पाचव्यांदा शंका आलेली असते, हेही नोंदवलं पाहिजे. चाखणं हे तिचंच खातं आहे. न्यायनिवाडा जागच्या जागी, अपील नाही. साधा गुन्हा असेल तर धपाटा, गंभीर असेल तर ‘पावसाळ्यात तुला इथंच ठेवून जाऊ’. भावंडांचे जुने अपराध तिला तारीखवार पाठ असतात आणि नव्या खटल्यात तेच साक्षीला येतात. पण संध्याकाळी बापाने विचारलं, की आज कुणी त्रास दिला का, तर उत्तर ठरलेलं: कुणीच नाही. अंतर्गत कारभारात परकीयांची ढवळाढवळ तिला चालत नाही, आणि बाप या बाबतीत परकीयच. शेजारच्या भोंग्यातल्या, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीतल्या, पोराने तिच्या भावाला हात लावला, तर मघाशी त्याच गालावर स्वतः उठवलेली बोटं विसरून ती युद्ध पुकारते. भावंडांच्या मायेबद्दल आपण जे हळवं बोलतो ते सगळं या दोन गोष्टींत बसतं: मारण्याचा हक्क फक्त घरचा, आणि तक्रार घराबाहेर जाणार नाही.

यावर पहिला आक्षेप येणारच, की हे बालमजुरीला गोंडस रूप देणं झालं. शाळेत जायच्या वयात पोर भाकरी थापते आणि तुम्ही तिचा रुबाब वर्णन करता! आक्षेप वजनदार आहे. 1992-93 मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव देशभर गेलं. त्या भूमीवरच्या पोरांविषयी लिहिताना हसण्याला मर्यादा आहे, हे मला मान्य आहे. तिच्या खांद्यावरचं ओझं दहा वर्षांच्या मुलीवर असायलाच नको. पण तिला फक्त बिचारी समजणाऱ्यांनी तिचं ओझं उतरवलं का, हेही विचारावं. बिचारीला शाळेत घाला म्हणणं सोपं आहे. 2010 पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा तेच म्हणतो, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी. आईबाप भट्टीवर गेले तर मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची सोयही आहे. अडचण एवढीच, की कायदा मुलं एकेकटी मोजतो आणि थोरली कधी एकटी नसते. तिच्या कमरेवरचं दीड वर्षाचं बाळ सहाच्या अलीकडचं. ती वसतिगृहात राहिली तर ते भट्टीवर कुणाजवळ? म्हणून ती टेम्पोत चढते, आणि अहवालात पालक उदासीन ठरतात.

हे ज्यांनी ओळखलं त्या दोघी याच जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात होऊन गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि 1957 पासून ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मोठी मुलं शाळेत येत नव्हती, कारण कुणी गुरं राखत होतं आणि कुणी भावंडं. या बायांनी उपदेशाचा नाद सोडून गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरवली, आणि भावंडं राखणाऱ्यांसाठी विकासवाडी नावाच्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र मांडली. थोरली आली, तिचं बाळ पाळणाघरात गेलं, मधलं बालवाडीत बसलं, ती स्वतः पाटीवर. एका आवारात अख्खं मंत्रिमंडळ, आणि दर अर्ध्या तासाने डोकावून तपासणी करायची मुभा. पुढे 1990च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या आणि शाळाच तिच्या झोपडीच्या दाराशी नेली. थोरलीला शाळेत आणायचं तर तिचं राज्य आधी मान्य करावं लागतं, एवढी साधी राजनीती यात आहे. दयेला ती सुचली नसती.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. थोरलेपणाने स्वभाव घडतो हा जुना समज; फ्रान्सिस गाल्टनने 1874 सालीच इंग्लंडच्या शास्त्रज्ञांत थोरले मुलगे जास्त दिसतात असं लिहून ठेवलं. पण 2015 मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या वीस हजारांवर माणसांची माहिती तपासली गेली, आणि जन्मक्रमाचा स्वभावावर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. मग थोरली म्हणून वेगळी जात आहे, असं कसं म्हणता? याचं उत्तर असं, की त्या देशांतल्या घरी बाळ सांभाळणं हे आईबापांचं काम, थोरलेपण ही नुसती जन्मतारीख. जगातल्या अनेक समाजांत मात्र लहानग्यांचा सांभाळ मोठी भावंडं करतात, हे टॉमस वाइजनर आणि रोनाल्ड गॅलिमोर यांनी 1977 साली साधार मांडलं. मोखाड्यात थोरलेपण ही नेमणूक आहे. पहिला मुलगा असेल तर तो चार वर्षांत बापाबरोबर चिखलात उतरतो आणि पद त्याच्या पाठच्या बहिणीकडे जातं. तो थोरला असूनही तिची परवानगी न घेता भाकरीला हात लावत नाही. मुलग्याला हे काम का लागत नाही, हा प्रश्न कुणी विचारावा; योग्य प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर या भागापुरतं नाही.

आता आश्रमशाळा झाल्या, घरटी पोरं कमी झाली, पाड्यावर मोबाइल पोचला, तेव्हा ही जात संपत आली असं म्हणणारेही आहेत. आश्रमशाळेत सकाळी बघावं. सातवीतली बहीण पहिलीतल्या बहिणीला गुडघ्यांत दाबून तेल चोपडते, वेणी इतकी घट्ट घालते की त्या पोरीच्या भुवया दिवसभर आश्चर्यात राहतात, आणि आपल्या वाट्याचं अर्धं केळं तिच्या तोंडात कोंबून ‘गिळ’ म्हणते. गावात अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं अंडं लहानग्यांसाठी येतं. ते थोरलीच्या वयाला लागू नाही. तरी ती दारात उभी राहते, आणि अंडं पूर्ण गेल्याशिवाय भावाला उठू देत नाही. सेविकाबाईंच्या वहीत सही कुणाचीही असो, पोषणाची खरी जबाबदारी कुणाकडे आहे ते भावाला पक्कं ठाऊक असतं. होळीनंतरच्या बोहाड्यात रावणाचा, त्राटिकेचा मुखवटा रात्री अंगावर आला तरी ही पोरं खिदळतात. बाय नुसती उठून उभी राहिली की शांत होतात.

नेमणुकीचा सगळ्यात पक्का पुरावा थोरलीच्या लग्नानंतर मिळतो. इतकी वर्षं प्रत्येक हुकमाला ‘मी नाय जा’ म्हणणारी धाकटी, जिने वाटपातल्या अन्यायावर घर डोक्यावर घेतलं होतं, ती वऱ्हाड गेल्याच्या दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसते. मऊ मधला भाग शेंडेफळाला, पाणी सांडणाऱ्याला कडेचा. नियमांत बदल शून्य, अंमलबजावणी अधिक कडक. होळीला थोरली माहेरी येते तेव्हा तिचं लेकरू तिच्या कडेवर असतं, आणि कालवणाचं मीठ चाखायला ती सवयीने पुढे होते. धाकटी तिचा हात बाजूला करते आणि सांगते, की आधीच चार वेळा चाखून झालंय.