कोटी नका सांगू, काय दिसलं ते सांगा

'छावा' लागला तेव्हा आमच्या जळगावच्या टपरीवर आठवडाभर एकच विषय होता. आज किती झाले? पहिल्या दिवशी किती, रविवारी किती, आता कोणाचा विक्रम मोडणार? मोबाइल पुढे करून आकडा दाखवायचा, 'एक नंबर पिक्चर भो' म्हणायचं आणि चहाचा ग्लास खाली ठेवायचा. झालं मत देऊन. 'सैराट'ने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला तेव्हापासून ही खोड लागली आहे. तो पैसा निर्मात्याचा, त्याचा हिशेब तो ठेवेल. आपण तिकीट काढून अंधारात अडीच तास बसलो, त्यात आपल्याला काय दिसलं ते कोणी सांगेल का?

रावेरकडचा माझा एक केळीवाला मित्र त्या घोळक्यात होता. त्याला विचारलं, "पिक्चर सुरू कुठे होतो?"

"बुऱ्हाणपूरला. छाप्यापासून."

"आणि बुऱ्हाणपूर कुठे आलं?"

तो थांबला. हा माणूस वर्षातून चारदा बुऱ्हाणपूरला लग्नाला जातो, येताना मावा जिलेबी बांधून आणतो. आज ते गाव मध्य प्रदेशात असलं तरी रावेर-यावलची सोयरीक तिथे आहे. फारुकी सुलतानांच्या खानदेशची ती राजधानी. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला, तेव्हाही सुभ्याचं ठाणं तेच राहिलं. मुमताज 1631 मध्ये तिथेच वारली. संभाजीराजांनी गादीवर येताच 1681 मध्ये ज्या शहराच्या तटाबाहेरचे श्रीमंत पुरे लुटले, ते आपल्याच सुभ्याचं शहर. अख्ख्या देशाने पाहिलेल्या सिनेमाची सुरुवात खानदेशात होते आणि खानदेशातल्या टपरीवर त्याबद्दल चकार शब्द नाही. याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मित्र जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तापी दाखवली का रे त्यात? माझं लक्षच नव्हतं. परत बघावा लागंल."

त्या आठवड्यात मी ऐकलेलं, सिनेमाबद्दलचं ते पहिलं खरं वाक्य.

आमच्या वहिनी मालिका बघतात. सात ते दहा, रोज. त्यांना कोणी मत विचारत नाही, कारण बायकांच्या मालिका म्हटलं की शहाणी माणसं मान फिरवतात. एकदा पडद्यावरची सून पहाटे उठून घरच्या बारा माणसांच्या भाकरी थापत होती. वहिनी एवढंच बोलल्या, "हिच्या बांगड्यांना पीठ कसं नाही?" मी पुढे होऊन पाहिलं. खरंच नव्हतं. परातीत पीठ, तव्यावर भाकरी, आणि मनगटाशी हिरवा चुडा लखलखीत. ज्या बाईने तीस वर्षं कळण्याच्या भाकरी थापल्या, खापरावर मांडे टाकताना कोपरापर्यंत चटके सोसले, तिला हे पहिल्या झटक्यात दिसतं. मालिका लिहिणाऱ्यांनी, करणाऱ्यांनी तिच्या शेजारी आठवडाभर बसावं, असं मी अगदी गांभीर्याने म्हणतो.

बोलीचंही तसंच. 2016 या एका वर्षात 'रात्रीस खेळ चाले'ने मालवणी घरोघर नेली, 'माझ्या नवऱ्याची बायको'ने नागपूरकडची बोली आणि 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापूरकडची. खानदेशात बसून आम्ही त्या सगळ्यांच्या हेलांवर मतं दिली. कोणाचा हेल ओढूनताणून आणलाय, कोणाचा आतून येतोय, हे आमच्या पोरांनाही कळत होतं. पण आपली अहिराणी का नाही, आणि आलीच तर ती फक्त हसवायलाच का येते, हे मत आम्ही कधी जोरात मांडलं नाही. अहिराणीत माणूस रडतोसुद्धा. माझी आजी वारली तेव्हा घरातल्या बाया दुसऱ्या कुठल्या भाषेत रडल्या नव्हत्या.

मत कसं मांडावं हे बघायचं असेल तर धुळ्याहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटरवर मालेगावला जा. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी माग बंद आणि टॉकीज भरलेलं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांना 'शोले' आवडायचा. आवडतो असं नुसतं सांगत न फिरता त्यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. घोडे परवडत नव्हते, म्हणून डाकू सायकलवर आले. कारागीर, दुकानदार, दोस्त सगळे कामाला लागले. पुढे त्यांच्या 'सुपरमॅन'मध्ये उडणारा माणूस झाला मागावर काम करणारा शफीक शेख. त्याला कॅन्सरने नेलं. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर माहितीपट केला, आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' 28 फेब्रुवारी 2025 ला आला. 'छावा'नंतर बरोब्बर दोन आठवड्यांनी. आमच्या टपरीवर त्याचं नावसुद्धा निघालं नाही. शेजारच्या गावातल्या, आपल्यासारखंच हिंदी-मराठी-अहिराणी मिसळून बोलणाऱ्या माणसांवरचा सिनेमा, तोही मुंबईच्या मोठ्या दिग्दर्शिकेने केलेला. आकडा लहान होता म्हणून आम्ही तो पाहिलाच नाही. मी हे रागाने लिहितो आहे.

आता मावशीचं सांगतो.

मावशी नंदुरबारची. नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं तेव्हाची, म्हणजे 1998 च्या आधीपासून, ती मिरचीच्या पथारीवर जायची. ओली लाल मिरची मैदानभर पसरलेली, ऊन चढेल तसा तिचा वास घशात उतरायचा, आणि बाया ओळीने बसून देठ खुडायच्या. पुढे ती मुलाकडे जळगावला राहायला आली. एका दुपारी टीव्हीवर 'मिर्च मसाला' लागला होता. स्मिता पाटील म्हटल्यावर मावशी सरसावून बसली. "शिरपूरची पोर," म्हणाली. स्मिताचा जन्म पुण्याचा, पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, त्यामुळे आमच्याकडे ती शिरपूरचीच. 13 डिसेंबर 1986 ला ती गेली, फक्त 31 वर्षांची, आणि हा सिनेमा त्यानंतर लागला.

मावशीने चित्रपट सबंध पाहिला, एक शब्द न बोलता. सुभेदाराच्या धाकाने सोनबाई मिरचीच्या कारखान्यात शिरते, आत बाया, बाहेर शिपाई, म्हातारा पहारेकरी दार उघडत नाही. शेवटी दार फुटतं आणि बाया तिखटाच्या झोळ्या घेऊन सुभेदाराच्या अंगावर धावतात. तो डोळे धरून गुडघ्यावर येतो. या शेवटाबद्दल मी बरंच वाचलं होतं. स्त्रीची शक्ती, क्रांतीचा रंग, सगळं. सगळ्यांची नजर त्या सुभेदाराच्या डोळ्यांवर.

मावशी म्हणाली, "तिसना हात बी जयनात व्हतीन, माय."

त्यांचे हातही जळले असतील. मग तिने मला सांगितलं की दिवसभर देठ खुडले की रात्री हात कसे भगभग करतात. ताकाने धुवायचे, तेल चोळायचं, तरी जात नाही. तान्हं पोर कडेवर घ्यायची भीती, कारण त्याच्या गालाला बोट लागलं तर ते रात्रभर रडणार. तिखट फेकणारीच्या डोळ्यांतही ते जातंच, आणि त्या सगळ्या बायांना हे माहीत असतं. माहीत असून त्यांनी झोळी भरली.

इतकी वर्षं मी तो शेवट पाहत आलो होतो आणि मला फेकणाऱ्यांचे हात दिसले नव्हते.

नावं पडद्यावर सरकत असतानाच मावशीने टीव्ही बंद करायला सांगितला. उठता उठता तिने दोन्ही हात पदराला पुसले, नीट, एकेक बोट. पथारी सुटून तेव्हा तिला वीस वर्षं झाली होती.