पुडीचा गुण

"काकू, आज धुणं सुनंनं टाकलं दोरीवर? बोटं परत धरली वाटतं."

"तर काय वं! सकाळी नऊपर्यंत मूठच मिटंना. २००६ला त्या चिकुनगुन्यानं घर धरलंय, ते काही सोडंना."

"चिकुनगुन्या कवाच गेला असंल. नांदेडच्या डॉक्टरनं रक्त बघून संधिवात सांगितला ना?"

"सांगितला. पण ना ताप, ना कुठं मार, मग सूज कशाची म्हणते मी? वांगं सोडलं, दही सोडलं, हरभऱ्याची डाळ सोडली."

"वांग्याचा काय गुन्हा त्यात! आमची पोरगी फार्मसीला आहे, ती सांगत होती. जंतू दिसला की आपल्या पांढऱ्या पेशी रस सोडतात, टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ असले. त्यानं बाकीच्या पेशी धावून येतात. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर पाखरं बसली की माचावरून गोफण मारतात ना, तसं. तुमच्या सांध्यात पाखरू नसताना गोफण चालूच! दगड बसायलेत आपल्याच कणसांना. अस्तर सुजतं, कूर्चा झिजते, शेवटी हाड पोखरतं."

"इंटर... काय म्हणलीस?"

"इंटरल्यूकिन. २०२१ला कोरोनात तुमचे जावई टोसिलिझुमॅबसाठी वणवण फिरले, अख्ख्या परभणीत मिळंना, आठवतं? ४० हजारांच्या घरातलं? ते ह्याच इंटरल्यूकिन-६चा रस्ता अडवतं. जपानात निघालं, संधिवातावर कोरोनाच्या कितीतरी आधीपासून देतात."

"मायबाई! मला बी तेच घ्यावं लागंल का काय?"

"आधी साधी गोळी असती, मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. तुम्हाला दिली होती की."

"दिली होती, पण गुण यायला महिना-दोन महिने लागतील म्हणले. तेवढ्यात गंगाखेडच्या बाजारात पुडीवाला भेटला. दोन दिवसांत पळायले बघ मी! पुडी चुकली की मात्र मूठ धरतीच."

"दोन दिवसांत? मग त्यात स्टेरॉइड असणार काकू. ते पेशींचे सगळेच रस एकदम दाबतं. सूज उतरते, पण साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, तोंड गोल दिसायला लागतं."

"तरीच परवा नणंद म्हणली, वैनी, अंगानं भरलात!"

"आणि तुम्ही खूश झालात."

"झाले की. बरं, आजपासून पुडी बंद."

"एकदम बंद नका करू! बाहेरून मिळायलंय म्हणून शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडतं. एकाएकी तोडलं तर बीपी उतरून पडाल कुठंतरी. उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरकडं चला, ते कमी करत आणतील."

"ओरडतील की गं."

"ओरडू द्या. साखर बी तिथंच तपासून घेऊ."