एक हजारातला चारशेविसावा

पुतळा म्हटला की आपल्याकडे आधी चौक लागतो, मग समिती, मग वर्गणी आणि शेवटी अनावरणाला मंत्री. माझ्याकडचे पुतळे सगळे मिळून एका काचेच्या कपाटात मावतात आणि त्यांच्या जयंतीला कोणाला सुट्टी नसते. ते आहेत ॲनिमेशनपटांतल्या पात्रांचे, तेही मर्यादित आवृत्तीचे. म्हणजे कंपनी आधीच दवंडी पिटते की असे हजारच निघतील, आणि मग ठिकठिकाणचे माझ्यासारखे दोन हजार लोक मोबाइलवर बोट ठेवून बसतात. विक्री सुरू होते अमेरिकेतल्या दुपारी, म्हणजे आपल्याकडे ऐन मध्यरात्री. लग्नाचा मुहूर्त गाठायलाही मी इतका वेळेवर हजर नव्हतो.

हे खूळ मुळात खूळ नव्हतं, काम होतं. डिस्नेचा ‘पिनोकिओ’ १९४० साली पडद्यावर आला. चित्रकार पुष्कळ, पिनोकिओ एक. एकाच्या हातून गाल फुगायचे, दुसऱ्याच्या हातून टोपी बसायची. म्हणून स्टुडिओत जो ग्रँट यांच्या देखरेखीखाली एक खास विभागच पात्रांच्या छोट्या मूर्ती घडवत असे. चित्रकाराने मूर्ती टेबलावर ठेवायची, फिरवून बघायची आणि पाठमोरा पिनोकिओ कसा दिसतो ते कागदावर उतरवायचं. सुताराला गुण्या, तशी चित्रकाराला मूर्ती. पुढे १९९२ साली डिस्नेने संग्राहकांसाठी चिनी मातीच्या मूर्तींची मालिकाच काढली, तळाला त्या त्या वर्षाची निशाणी घालून. निशाणी आली की जाणकार येतात, जाणकार आले की भाव येतो. भाव आला की मी येतो.

माझा पिनोकिओ पॉलीस्टोनचा आहे, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पूड. हाताला तो दगडासारखा थंड आणि जड लागतो. पडला तर मात्र कपबशीच्या वळणावर जाईल. प्रसंग पिंजऱ्यातला. परीसमोर थापा मारून मारून नाक वाढलंय, त्याला फांद्या फुटल्यात, टोकाला पानं आणि पानांत घरटं. घरट्यातली पाखरं तुरीच्या दाण्याएवढी, पण त्यांच्या चोची वेगळ्या रंगवलेल्या. नाक स्वतंत्र डबीत आलं होतं, थर्माकोलच्या खोबणीत. ते चुंबकाने जागेवर बसतं. बसताना जो हलकासा ‘टक्’ आवाज येतो, त्यासाठी मी कस्टम्सची ड्यूटी हसतहसत भरली.

आता जरा विचार करा. अख्खा सिनेमाभर या पोराची एकच धडपड : लाकडाचा बाहुला राहायचं नाही, खरा मुलगा व्हायचं. शेवटी तो होतोही. पण त्या खऱ्या मुलाला आम्हा मंडळींत कोण विचारतो? आम्हाला तो लाकडीच हवा, शिवाय खोटं बोलताना पकडलेला. सेकंदाला चोवीस चित्रं काढून माणसांनी ज्याला पळायला लावलं, त्याला आम्ही पैसे मोजून पुन्हा एका जागी उभा करतो.

आणि त्याच्यापायी आम्हीही उभेच. कपाटावर ऊन पडलं तर रंग उडतो, म्हणून बैठकीच्या खोलीचा पडदा दिवसा बंद. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या. धूळ झटकायला मेकअपचा मऊ ब्रश, जो घरात ज्यांच्या मेकअपसाठी आणला होता त्यांना अजून सापडलेला नाही. कामाच्या मावशींना त्या कपाटाला हात लावायची मनाई. त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "दादा, सोवळ्यातलं आहे का?"

सगळ्यात पवित्र वस्तू म्हणजे खोकं. खोक्याशिवाय मूर्तीचा भाव कोसळतो, त्यामुळे आमच्या माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्यांना जागा नाही, खोक्यांना आहे. ‘टॉय स्टोरी २’मध्ये खेळणी जमवणारा ॲल हा खलनायक असतो आणि आयुष्यात कोणीच कधी खोक्याबाहेर न काढलेला म्हातारा बाहुला त्याच्याहून खवट निघतो. खेळणं खेळायला असतं, एवढंच तो सिनेमा सांगतो. मी तो बघितला, डोळे पुसले आणि त्या म्हाताऱ्याची मूर्ती मागवली. खोक्यासकट.

आईला यातलं काहीच पटत नाही. "अरे, आपण गणपतीलासुद्धा दीड दिवसात पोचवतो," ती म्हणते, "आणि तुझ्या या पोराला कायमचं बिऱ्हाड?" दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आम्ही पोरं दर वर्षी मोडायचो आणि पुढच्या वर्षी नवे आणायचो. त्या मावळ्यांनी गनीम झेलला, पाऊस झेलला, लवंगी फटाके झेलले. त्यांच्या पोटावर नंबर नव्हता.

पिनोकिओच्या तळव्याखाली आहे : ४२०/१०००. थापाड्याला नेमका हाच आकडा यावा, यात मला नियतीचा हात दिसला. वकील मित्राने सांगितलं, दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता ३१८. म्हटलं, कायदा बदलला तरी पोरगा मुरलेला आहे.

खरं तर फसवणुकीचं खातं माझ्याकडे आहे. मूर्तीची किंमत घरी सांगताना प्रत्येक संग्राहक एक शून्य गाळतो, कुरिअर विसरतो आणि ड्यूटीला ‘किरकोळ’ म्हणतो. हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग घरातल्या सामानाचा विमा उतरवायला एजंट आले.

सोफा झाला, फ्रीज झाला, टीव्ही झाला. त्यांनी पेन कपाटाकडे वळवलं. "हे काय भावाचं?" समोर बायको चहाचा ट्रे घेऊन उभी. खरा आकडा सांगावा तर संसाराचा विमा उतरवणारी कंपनी अजून निघालेली नाही. मी घरातला आकडा सांगितला. एजंट हसले. "मग याला वेगळं कलम नको," म्हणत त्यांनी एक हजारातल्या चारशेविसाव्याला ‘शोभेच्या इतर वस्तू’मध्ये घातलं, भिंतीवरचं घड्याळ आणि प्लास्टिकच्या फुलदाणीच्या मधोमध. मी सही केली.

एजंट गेले तशी बायकोने स्वयंपाकघरात हाक मारली, "मावशी, उद्यापासून ते कपाटही पुसत जा. एवढं काही महाग नाहीये ते. फुटलंच तर हे दुसरं आणतील."