फियाटला तीट लावल्याबद्दल

प्रति,
आदरणीय गुऱ्हाळमालक तात्यासाहेब,
मु. पो. आमच्या घराच्या वाऱ्याच्या अंगाला,
ता. दौंड, जि. पुणे

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल रात्री आपण माझ्या फियाटला तीट लावलीत. पांढरीशुभ्र गाडी, शेवटचा हात नुकताच दिलेला, रंग अजून ओला, दिव्याखाली अशी चमकत होती की कुणाचीही दृष्ट लागावी. घरातल्या वडीलधाऱ्यांनासुद्धा जे सुचलं नाही ते आपल्याला अर्ध्या कोसावरून सुचलं. बॉनेटच्या बरोबर मधोमध, एकच, काळीभोर, तेलकट. आभार कसे मानावेत?

गाडी म्हटल्यावर आपण आमच्या अंगणात डोकावाल, म्हणून आधीच सांगतो. ही गाडी साडेबारा सेंटिमीटरची आहे. दान्ते जियाकोसा नावाच्या इटालियन अभियंत्यानं १९५७ साली फियाट ५०० काढली. तिच्याच पुढच्या ५००एफ या आवृत्तीचा जपानच्या टॅमिया कंपनीनं केलेला हा प्लॅस्टिकचा संच. प्रमाण एकास चोवीस. खरी गाडी तीन मीटरला जरा कमी, म्हणजे आपली उसाची ट्रॉली तिला सहज पोटात घेईल. संचातले भाग चौकटीवरून निपरनं तोडायचे, कडा घासायच्या, फटींत लांबी भरायची, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं, मग एअरब्रशनं रंगाचे पातळ हात द्यायचे आणि शेवटी क्लिअर. एवढं सगळं कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. तो आमच्या घरातही पडलेला आहे.

आता एकास चोवीसचा हिशेब. आपल्या चुलाणातून आलेला अर्ध्या मिलिमीटरचा कण आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण गाडीच्या मापानं तो १२ मिलिमीटरचा होतो. दोन मिलिमीटरचा पापुद्रा आला तर खऱ्या गाडीच्या टपावर लिंबाएवढा डांबराचा गोळा पडल्यासारखं दिसतं. आपण मात्र दरवेळी दोन मिलिमीटरचाच पाठवता. हातचं राखून देण्याची आपल्या घराण्यात पद्धतच नाही.

हा छंद आपल्या शेतीवाडीपासून फार लांबचा आहे, असंही समजू नका. एअरफिक्स या इंग्रजी कंपनीनं १९४९ साली स्वतःचं पहिलं प्लॅस्टिकचं मॉडेल केलं ते ट्रॅक्टरचं, फर्ग्युसनचं. फर्ग्युसनच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढे ठेवायला काहीतरी हवं होतं. म्हणजे या घराण्याचा मूळ पुरुष ट्रॅक्टरच. आपल्या दारात उभा असलेला लाल मॅसी फर्ग्युसन त्याचाच वंशज. नात्यानं आपण माझे भाऊबंद लागता. भाऊबंदकीची रीत आपण पाळता आहातच.

सरकारनंही आपल्याला साथ दिली, त्याचा उल्लेख न करणं कृतघ्नपणा होईल. सीमाशुल्काच्या वहीत ही मॉडेलं बाहुल्या आणि तीनचाकी सायकलींच्या रांगेत बसतात. २०२० साली खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं, २०२३ च्या अर्थसंकल्पात ७०. पोराबाळांचं रक्षण व्हावं हा हेतू उत्तमच. त्यात माझ्यासारखा पिकल्या केसांचा बाळही आपसूक सुरक्षित झाला. त्यामुळे आपण ज्या बॉनेटवर तीट लावता ते चांगलं महागामोलाचं असतं. हलक्या वस्तूला आपला हात लागत नाही, याचं समाधान आहे.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. खऱ्या गाड्यांच्या नशिबी आपली कृपा नाही. इथून चौफुला-न्हावरा रस्त्यानं शिरूर तालुक्यात गेलं की रांजणगाव येतं. महागणपतीचं दर्शन घ्यावं आणि पुढं औद्योगिक वसाहतीत पाहावं, तर फियाटचा कारखाना. पुंटो, लिनिया तिथंच झाल्या; २०१७ पासून जीप कंपास तिथं बनून परदेशातही जाते. मोटार कारखान्यांत रंगाची जागा म्हणजे सोवळं असतं. हवा गाळून आत सोडतात, कामगारांच्या अंगावर तंतू न सुटणारे कपडे, आणि कित्येक ठिकाणी रंगाआधी गाडीच्या अंगावरून पिसांचे रोलर फिरवतात. पिसं शहामृगाची. मी कोंबडीची वापरून पाहावीत का, यावर आपला सल्ला हवा होता. आपल्या शेडमागे गावठी कोंबड्या पुष्कळ आहेत. तूर्त माझं सोवळं म्हणजे मोरीला लागून असलेली एक खोली, ओलं केलेलं फडकं आणि रंगलेल्या गाडीवर पालथा घालायला पोळ्यांचा डबा. डबा उचलून गाडीवर घालायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात आपण येऊन जाता. वक्तशीरपणा शिकावा तर आपल्याकडून.

आपली वेळ साधण्याची कला तर वाखाणण्याजोगी. दौंड-शिरूर पट्ट्यात रंगाला मुहूर्त असा सापडत नाही. उन्हाळ्यात रंगाचा फवारा गाडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पत्र्यावर खरखरीत भुकटी बसते. आषाढात पाऊस सह्याद्रीवरच अडतो, आपल्या वाट्याला नुसता वारा आणि वावरातली माती. भाद्रपदात पाऊस येतो तेव्हा हवा ओली होते, आणि ओल्या हवेत लॅकर मारला की त्यावर दुधासारखा पांढरा पडदा धरतो. राहता राहिली थंडी. कोरडी, शांत, रंगासाठी देवानं घडवलेली. नेमकी त्याच वेळी उसाची तोड जोरात येते आणि आपली काहील रात्रंदिवस उकळू लागते. शिवाय थंडीच्या पहाटे धूर वर जात नाही, जमिनीलगत गोधडीसारखा पसरून राहतो, आणि खिडकीच्या फटीतून आदबीनं आत येतो.

इथवर आपण म्हणाल, गूळ करायचा तर धूर होणारच. अगदी खरं. माझं बालपण गुऱ्हाळाच्या धुरातच गेलं. चिपाडं वाळवून चुलाणात घालायची, राखाडी धूर निघायचा, त्याला रसाचा गोड वास असायचा. त्या राखेशी माझं भांडण नाही. ती रंगावर बसते, रंग वाळला की बोटानं झटकली तरी भुगा होऊन जाते, राहिलाच तर पुसट डाग, तो दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरनं निघतो. पण हल्ली आपण जे पाठवता त्याला बोट लावलं की फरांटा ओढला जातो. काळा, चिकट. काही वेळा तर कोळ्याच्या जाळ्यासारखे काळे धागेच तरंगत येतात.

त्या धाग्यांनी मला फार भरून येतं, तात्यासाहेब. कारण मी त्यांना ओळखतो. माझ्या गाड्या पॉलिस्टायरिनच्या असतात, आणि पॉलिस्टायरिन जळताना नेमकं असंच करतं, दाट काळा धूर आणि काजळीचे तरंगणारे धागे. एकदा उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर धरून पाहिला होता, म्हणून खात्रीनं सांगतो. आपल्या चुलाणातून माझ्या बॉनेटवर येतं ते माझ्या गाडीचंच सख्खं चुलत भावंड. कुणी फेकून दिलेला कप, कुठल्या यंत्राच्या खोक्यातला थर्माकोल, तुटकं खेळणं. रक्ताचं नातं असं ओढ घेतं.

पॉलिस्टायरिन एकटंच असतं असं नाही. रबरी सोलांचा गंधकी वास वेगळा कळतो. पीव्हीसी जळलं की डोळे चुरचुरतात, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिनंही. गुऱ्हाळांत प्लॅस्टिक, रबर, जुन्या चपला जळतात, अशा बातम्या दौंड तालुक्यातून येत असतात. पण आपण असल्या बातम्यांवर विश्वास ठेवत नाही हे मला ठाऊक आहे. ताडपत्री बांधलेले ट्रक रात्री येतात आणि सकाळी रिकामे जातात, त्यांतून बहुधा आपले पाहुणे येत असावेत.

शिवाय यात पुण्यावरही आपले उपकार आहेत. पुण्यानं मुळा-मुठेतून स्वतःचं मैलापाणी आपल्याकडं धाडलं, ते आपण उसाला पाजलंत. महाराष्ट्रानं २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकबंदी आणली, तेव्हा बाजारातून उठवलेल्या पिशव्या बिचाऱ्या जाणार कुठं, हा विचार कुणी केला? आपण केलात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५ हजार रुपये दंड सांगितला. त्याचं आपण काय म्हणून मनावर घ्यावं? आपण उघड्यावर थोडंच जाळता. चांगलं विटांनी बांधलेलं चुलाण आहे, वर धुराडं आहे, धुराड्याला उंची आहे. आणि तसंही गुऱ्हाळ आपण चालवत नाही, भाड्यानं दिलंय. भाडं तेवढं आपलं, धूर भाडेकरूचा.

आपल्या गुळाबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर पत्र अपुरं राहील. शहरातली मंडळी आता पिवळा गूळ पाहून नाक मुरडतात. हायड्रोस मारून पिवळा केलाय, म्हणतात. त्यांना काळसर गूळ हवा. आपण लगेच काळसर ढेपांवर ‘सेंद्रिय, रसायनमुक्त’ अशी चिठ्ठी डकवलीत. चिठ्ठी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. रसायनं काहिलीत जात नसतील, चुलाणात जातात. दोहोंच्या मध्ये लोखंडाचा जाड पत्रा आहे.

माझ्या गाडीचं सोडा. दुसरी करीन. पण आपल्या चुलाणाच्या तोंडाशी जो पोरगा बसलेला असतो, दुरून कुठून तरी आलेला, दर मिनिटाला आत काहीतरी सारणारा, त्याच्याकडं पोळ्यांचा डबा नाही. त्याच्या पाठीमागं कुणी गाळलेली हवा सोडत नाही. मी एअरब्रश हातात घेतला की दुहेरी गाळणीचा मास्क लावतो, थिनरची वाफ वाईट म्हणून. तो गळ्यातला गमछा नाकावर ओढतो, तोही खोकला आला तरच. त्याच्या छातीवर किती हात बसले असतील ते पाहायला वॉटर पेपर चालत नाही. आपण त्याला ओळखता ना? नाव विचारत नाही, उगाच आपली अडचण होईल.

गावात इतरांना हे दिसत नाही, यात आश्चर्य नाही. वाळत घातलेल्या धोतरावर पडलं तर झटकतात, उंबऱ्यावर पडलं तर झाडतात, नाकात गेलं तर शिंकरतात. तासभर ओला राहणारा गुळगुळीत पांढरा पत्रा रोज संध्याकाळी मांडून बसणारा खुळा अख्ख्या शिवारात मी एकटाच. त्यामुळे आपल्या कारभाराची नोंद माझ्याकडं बिनचूक राहते. दसऱ्याआधी रंगवलेली पांढरी गाडी आणि दिवाळीनंतरची पांढरी गाडी कपाटात शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. क्लिअरच्या थरांत आपले ठसे कायमचे बंद झालेत. भिंगातून पाहिलं तर कोणत्या थराला ट्रक आला असावा, हेही कळतं. प्रदूषण मंडळाचं यंत्र आमच्या वाडीवर कधी येईल ते येवो, तोवर हे माझं यंत्र. विजेचा खर्च नाही, अहवाल दिसायला देखणा.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं चिमुकल्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. एका माणसाचा छंद लोक तिथं तिकीट काढून पाहतात. दौंड हे एवढं मोठं जंक्शन, पण आमच्याकडं येणारा पाहुणा गाडी हातात घेऊन एकच विचारतो, “चालते का?” नाही म्हटलं की खाली ठेवतो. मनात आहे, मीही छोटं प्रदर्शन भरवावं. प्रत्येक गाडीखाली कार्ड: मॉडेल, साल, रंगाचा क्रमांक, आणि सौजन्य म्हणून आपलं नाव. उद्‌घाटनाला आपण यायचं. नारळ माझा, गूळ आपला.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाचा एक शेजारी

ता. क. ट्रकमधल्या मालात पांढरं, कडक, वाकवलं की कट्‌कन मोडणारं प्लॅस्टिक दिसलं तर कृपया चुलाणात घालू नका, माझ्यासाठी बाजूला काढायला सांगा. पॉलिस्टायरिन थिनरमध्ये विरघळवलं की फटी भरायला उत्तम लांबी होते, विकतची महाग पडते. आपल्याला ते काय किलोनं पडतं ते कळवावं, त्यावर दोन रुपये जास्त देईन. वजनकाटा माझा असेल.